‘आत्महत्या’ लिहिण्याआधी थोडं थांबूया

क्राइम बीटवर माझा तिसरा आठवडा होता. संध्याकाळी साडेसातला ग्रामीण भागातल्या एका पोलिस ठाण्यातून फोन आला. शेतातल्या घरात एका माणसाचा गोळी लागून मृत्यू, शेजारी परवान्याची बंदूक. मी चार ओळी टाइप केल्या आणि वर मथळा दिला, ‘गोळी झाडून घेत आत्महत्या’. स्वतःवरच खूश होते. मथळा एका ओळीत बसला होता ना!

आमच्या सरांनी कॉपी वाचली आणि विचारलं, ‘‘अगं, आत्महत्या हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘ठाण्यातून, सर.’’

‘‘ते तिथे होते का गोळी सुटली तेव्हा?’’

मी गप्प. सरांनी मथळा खोडला आणि लिहिलं, ‘गोळी लागून एकाचा मृत्यू, अकस्मात मृत्यूची नोंद’. एकदम फिकट, सरकारी वाटणारा मथळा. मला तेव्हा तो अजिबात आवडला नाही.

दोन दिवसांनी मृताचा मोठा भाऊ ऑफिसला आला. प्लास्टिकच्या पिशवीत कात्रणं. वेगवेगळ्या ठिकाणी छापून आलेल्या त्याच बातमीची. खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, ‘‘ताई, शवविच्छेदनाचा रिपोर्ट अजून आम्हालाच मिळाला नाही. मग पेपरवाल्यांना आत्महत्या कशी कळली?’’

त्याच्या भावाचं नेमकं काय झालं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित ती आत्महत्याच असेल. पण त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि हा लेख त्या प्रश्नाबद्दलच आहे.

आधी काय होतं, ते समजून घेऊ

मास कॉमच्या तीन वर्षांत आम्हाला पाच ‘डब्ल्यू’ आणि एक ‘एच’ शिकवला. पण माणूस संशयास्पद रीतीने गेला की कायदा काय करतो, हे मी इथे, इंटर्नशिपमध्ये शिकले. तुमच्यापैकी अनेकांना ते माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते.

ठाण्यात ‘एडी’ दाखल होते, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. पोलिस अधिकारी घटनास्थळी जातो, परिसरातले किमान दोन पंच घेतो, मृतदेहाचा पंचनामा करतो. अंगावर कुठे जखमा आहेत, त्या कशाने झाल्या असाव्यात आणि मृत्यूचं ‘सकृद्दर्शनी’ कारण काय, हे त्यात लिहितो. मग मृतदेह शवविच्छेदनाला. अहवाल जातो कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे.

‘सकृद्दर्शनी’ हा शब्द नीट वाचा. त्याचा अर्थ पहिल्या नजरेला जे दिसतं ते. पण ठाण्यातून बातमीत येईपर्यंत हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडतो. उरतं ते फक्त ‘आत्महत्या’.

गोळीच्या बाबतीत तर पहिली नजर फार फसवी असते. बंदुकीचं तोंड त्वचेपासून किती अंतरावर होतं, हे जखमेभोवतीचं भाजणं, काजळी आणि दारूच्या कणांचे ठिपके बघून तज्ज्ञ सांगू शकतात. हातावर बारूदाचे अंश आहेत का, हे स्वॅब घेऊन तपासतात. गोळी कुठल्या दिशेने शिरली, त्या माणसाचा हात त्या कोनात पोहोचू शकतो का, तो डावखुरा होता का, रिकामी पुंगळी कुठे पडली, शस्त्रावर कुणाचे ठसे आहेत, ती गोळी त्याच शस्त्रातून सुटली का, असे डझनभर प्रश्न असतात. यातल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर पहिल्या काही तासांतच मिळतं. हात धुतले गेले, चार जणांनी बंदूक उचलून पाहिली, खोली पुसून काढली, की पुरावा गेला. नंतर सीबीआय आणा नाहीतर आणखी कुणी, पुसलेली फरशी परत बोलत नाही.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये एक चांगली तरतूद आली आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे आणि व्हिडिओ चित्रीकरण झालंच पाहिजे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. पण ही सक्ती आहे ‘गुन्ह्या’ला. आणि एडी म्हणजे गुन्हा नव्हे! म्हणजे पहिल्या तासात एखाद्याने मनातल्या मनात ‘आत्महत्या दिसतेय’ असं ठरवलं, की ज्या तपासणीने ती आत्महत्या आहे की नाही हे कळलं असतं, तीच तपासणी ऐच्छिक होऊन बसते. साप म्हणून भुई धोपटणं वाईट, मान्य. पण भुई म्हणून सापावर पाय ठेवणं त्याहून वाईट.

इंदूरची गोळी

भय्यूजी महाराज आपल्या आई-बाबांच्या पिढीला नक्की आठवतात. मूळ नाव उदयसिंह देशमुख. मध्य प्रदेशातल्या शुजालपूरचे, मराठी घरातले. आधी मॉडेलिंग, मग अध्यात्म. इंदूरला आश्रम आणि महाराष्ट्रभर भक्त. दिल्लीत २०११ मध्ये अण्णा हजारेंचं उपोषण सुटावं म्हणून जी धावपळ चालली होती, त्यात मध्यस्थ म्हणून त्यांचंही नाव होतं. मोठमोठे नेते त्यांच्याकडे यायचे.

१२ जून २०१८ ला इंदूरच्या राहत्या घरी, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. चिठ्ठी सापडली. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं आणि कारण म्हणून घरातल्या कलहाकडे बोट गेलं. दुसरं लग्न, पहिल्या पत्नीपासूनची मुलगी, घरातले ताण. टीव्हीला आणखी काय हवं होतं? काही दिवस दोन बायकांच्या, म्हणजे पत्नीच्या आणि मुलीच्या, आयुष्याची चिरफाड देशाने सोफ्यावर बसून पाहिली. भक्तांना हे पटत नव्हतं. दुसऱ्यांना जगायला शिकवणारा माणूस स्वतःवर गोळी झाडेल? विरोधी पक्षाने सीबीआय चौकशी मागितली. हा खून आहे, असंही बोललं गेलं.

पुढे काय झालं? सात महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, पोलिसांनी त्यांच्याच जवळच्या तिघांना पकडलं. एक तरुणी आणि दोन विश्वासू सेवक. आरोप आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा, लग्नासाठी दबाव टाकल्याचा आणि ब्लॅकमेलिंगचा. २८ जानेवारी २०२२ ला इंदूरच्या सत्र न्यायालयाने तिघांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात दोन्ही बाजू थोड्या चुकल्या आणि थोड्या बरोबर ठरल्या. खून झाला, असं म्हणणाऱ्यांचं न्यायालयात सिद्ध झालं नाही. गोळी त्यांनीच झाडली, हे कायम राहिलं. पण ‘घरगुती भांडणातून आत्महत्या’ ही पहिल्या दिवसांची तयार गोष्टही टिकली नाही. लोकांनी शंका घेतली नसती आणि फाइल त्या पहिल्या कारणावरच बंद झाली असती, तर? सगळा दोष कायमचा त्या दोघींच्या पदरात पडला असता.

म्हणून मला वाटतं, की ‘खून की आत्महत्या’ हा प्रश्न आपण फारच टीव्हीवरच्या डिबेटसारखा विचारतो. जणू दोनच बटणं आहेत आणि आत्महत्येचं बटण दाबलं की खेळ संपला. प्रत्यक्षात आत्महत्या असेल, तर तिथून पुढचा तपास सुरू व्हायला हवा. माणूस तिथपर्यंत कसा पोहोचला, कुणी पोहोचवलं, हे आधी भारतीय दंड संहितेच्या ३०६ खाली यायचं, आता न्याय संहितेच्या १०८ खाली येतं. दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्यालाही हे कळतं, की हात स्वतःचा असला तरी धक्का दुसऱ्याचा असू शकतो.

एका शब्दाची किंमत

कुणी म्हणेल, माणूस तर गेला. आता शब्दावरून एवढं कशाला? शब्दावरून बरंच काही ठरतं. विम्यापासून ते गावातल्या कुजबुजीपर्यंत. आणि गणवेशातल्या माणसाच्या बाबतीत तर शेवटचा सलामसुद्धा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबचा अमृतपाल सिंग हा अग्निवीर जम्मू-काश्मीरमध्ये पहाऱ्यावर असताना गोळी लागून गेला. वय १९. पार्थिव घरी आलं, पण लष्करी मानवंदना नव्हती. पंजाबात संताप उसळला. लष्कराने स्पष्टीकरण दिलं, की गोळी त्याच्या स्वतःच्याच शस्त्रातून, स्वतःच्याच हाताने सुटली आणि अशा मृत्यूंमध्ये लष्करी इतमामात अंत्यसंस्कार होत नाहीत. अग्निवीर असो की जुना जवान, नियम एकच. त्याच निवेदनात एक आकडा होता. २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० सैनिक आत्महत्या किंवा स्वतःच्या हातून झालेल्या इजांमुळे जातात.

शंभर ते एकशे चाळीस, दरवर्षी! हा आकडा वाचून मला आमच्या भागातलं मैदान आठवलं. पहाटे पाचला तिथे पोरं धावत असतात, हातात स्टॉपवॉच. १६०० मीटर किती मिनिटांत झाले, यावर त्यांचं अख्खं घर टांगलेलं असतं. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी उद्या असा फोन आला, तर आई-वडिलांनी कुणाला विचारायचं? जी संस्था त्याला सांभाळत होती, जिच्या आवारात तो गेला, तीच कागद लिहिणार, तीच कारण सांगणार आणि मानवंदना द्यायची की नाही हेही तीच ठरवणार. लष्कर खोटंच बोलतं, असं मी म्हणत नाही. पण खरं असलं तरी ते घरच्यांना पटेल कसं, हा प्रश्न उरतोच.

आणि आपली देवळाली

यासाठी पंजाबपर्यंत जायची गरज नाही. नाशिकरोडवरून लॅम रोडने सरळ निघालं, की अर्ध्या तासात देवळाली कॅम्प येतं. तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं देशातलं मोठं केंद्र आपल्या शेजारी आहे. आपल्यातल्या अनेकांसाठी देवळाली म्हणजे थंड हवा आणि गुजराती थाळी. पण २ मार्च २०१७ ला तिथल्या एका ओसाड बराकीत लान्स नाईक रॉय मॅथ्यू यांचा मृतदेह सापडला. ते केरळच्या कोल्लम जिल्ह्यातले होते, वय ३३. इथे गोळी नव्हती, गळफास होता. आधीचे काही दिवस ते बेपत्ता होते.

त्याच सुमारास ‘द क्विंट’ या वेबसाइटने एक स्टिंग व्हिडिओ टाकला होता. ‘सहायक’ म्हणून नेमलेले जवान साहेबांची कुत्री फिरवतात, मुलांना शाळेत सोडतात, कपडे धुतात, असं त्यात जवानच सांगत होते. छुपा कॅमेरा होता. ओळख पटू नये म्हणून चेहरे धूसर केले होते, असं वेबसाइटचं म्हणणं.

मृतदेह सापडल्यावर लगेचच लष्कराचं निवेदन आलं. चौकशीचा आदेश दिला आहे, हे त्यात होतं. पण चौकशीचं उत्तरही जवळजवळ त्यातच होतं. पत्रकाराने नकळत चित्रीकरण केलं, त्यातून वरिष्ठांचा विश्वासघात झाल्याची अपराधी भावना आली आणि त्यातून त्यांनी हे पाऊल उचललं असावं, अशा अर्थाचं. चौकशी आत्ता सुरू होतेय आणि मृत माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे मात्र आधीच ठरलंय!

कुटुंबाने आत्महत्या मान्य केली नाही. पार्थिव केरळला पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा शवविच्छेदनाची मागणी केली आणि ते झालं. एखाद्या घराला आपल्या माणसाचं पार्थिव ताब्यात मिळाल्यावर ‘याची पुन्हा चिरफाड करा’ असं का म्हणावंसं वाटत असेल, याचा विचार करून बघा. संशयाची हौस म्हणून कुणी ते करत नाही. पहिल्या कागदावरचा विश्वासच उडालेला असतो.

नंतर देवळाली कॅम्प पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पण कुणावर? पत्रकार पूनम अग्रवाल आणि त्यांना मदत करणारे माजी सैनिक दीपचंद सिंग यांच्यावर. आत्महत्येला प्रवृत्त करणं आणि सोबत शासकीय गुपिते कायदा. दीपचंद सिंग हे कारगिलमध्ये लढलेले, पुढे सेवेतच गंभीर जखमी होऊन अपंगत्व आलेले सैनिक. दोन वर्षं ही टांगती तलवार होती. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.

मी तेव्हा शाळेत होते. हे प्रकरण मला कॉलेजात एका लेक्चरमध्ये कळलं, तेही ‘मीडिया लॉ’ नावाच्या पेपरच्या निमित्ताने. आपल्याच शहरातली गोष्ट, आणि वर्गातल्या साठ जणांपैकी दोघा-तिघांनाच ती माहीत होती.

यात मला आमच्या धंद्याचीही एक गोष्ट टोचते आणि ती लपवून पुढे जाणं बरोबर नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या त्या जवानाला आपण काय पणाला लावतोय, हे माहीत नव्हतं. सहायक पद्धतीवर प्रश्न विचारणं योग्यच होतं. चेहरा धूसर करणं हा कागदावरचा उपाय झाला. पण बराकीत राहणाऱ्या माणसाला त्याचे सोबती आवाजावरून, बोलण्याच्या लकबीवरूनही ओळखतात. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आम्ही, उद्याचे पत्रकार, सोर्सला कसं जपणार, हा प्रश्न काही कोर्टाने सोडवायचा नाही.

वीस वर्षांनी उघडलेली फाइल

‘फाइल एकदा बंद झाली की कोण उघडतं?’ असं आपल्याकडे सहज म्हणतात. ब्रिटनमधल्या काही आई-वडिलांनी ती उघडायला लावली.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात डीपकट नावाचा लष्करी तळ होता. १९९५ ते २००२ या काळात तिथे चार तरुण सैनिक गोळी लागून गेले. शॉन बेंटन, शेरिल जेम्स, जेफ ग्रे आणि जेम्स कॉलिन्सन. शॉन २० वर्षांचा, छातीत पाच गोळ्या. शेरिल १८ वर्षांची, डोक्याला एक गोळी. शॉनच्या बाबतीत त्याच वर्षी ‘आत्महत्या’ असा निकाल लागला. छातीत पाच गोळ्या आणि आत्महत्या, हे कुठल्या घराला पटेल? शेरिलच्या बाबतीत निकाल खुला ठेवला गेला, म्हणजे नक्की काय झालं ते सांगता येत नाही. तिचे कपडे, गोळीचे तुकडे, असा साधा पुरावाही जपून ठेवला गेला नव्हता.

तिचे आई-वडील कागदांसाठी वर्षानुवर्षं भांडले. मानवी हक्क कायद्याचा आधार घेतल्यावर पोलिसांनी कागदपत्रं दिली. ती वाचून ते हायकोर्टात गेले आणि २०१४ मध्ये जुना निकाल रद्द झाला. नवी चौकशी उघड्या न्यायालयात झाली. साक्षी, उलटतपासणी, बंदुकीच्या तज्ज्ञांची मतं, सगळं पत्रकारांसमोर. २०१६ मध्ये निकाल आला. शेरिलने स्वतःच गोळी झाडली. शॉनच्या नव्या चौकशीतही २०१८ मध्ये तेच निघालं. जेफ ग्रेच्या २०१९ मध्येही तेच.

मग एवढं करून काय मिळालं, असं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं. पण तीन गोष्टी मिळाल्या. एक, तो निष्कर्ष कसा काढला, हे घरच्यांना पानापानाने बघता आलं. दोन, त्या तळावर कोवळ्या पोरांची काळजी किती वाईट घेतली जात होती, हे न्यायालयाच्या नोंदीत आलं. तीन, पहिल्या वेळी पोलिसांनी तपास लष्करावर सोडून देऊन चूक केली, हे मान्य करावं लागलं. निकाल ‘आत्महत्या’च राहिला, पण त्या शब्दामागे दडलेलं सगळं बाहेर आलं.

तिकडे यासाठी ‘कोरोनर’ नावाचा स्वतंत्र अधिकारी असतो. आपल्याकडे मुंबईतही हे पद होतं. ते १९९९ मध्ये रद्द झालं. पद परत आणा, असं मी म्हणत नाही. पण पोलिस किंवा लष्कर यांच्या बाहेरचं, उघडपणे ऐकून घेणारं कुणीतरी हवं, ही कल्पना आपल्याला परकी नाही, एवढंच.

पण शंका म्हणजे रील नव्हे

आता आपल्या पिढीच्या कानपिचक्या. कारण शंका घेण्यात आपण काही कमी नाही. उलट आपल्याला तिचं व्यसनच आहे.

१४ जून २०२०. सुशांतसिंह राजपूत गेला, तेव्हा लॉकडाउन होता आणि हातात मोबाइल होता. मी सतरा वर्षांची होते. मीसुद्धा ते फोटो झूम करून बघितले आहेत. गळ्यावरची खूण, पलंगाची उंची, पंख्याचं अंतर. फॉरेन्सिकचा एक शब्द माहीत नसताना मी मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवत होते, ‘हे शक्यच नाही यार’. ऑक्टोबर २०२० मध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या पथकाने खुनाची शक्यता फेटाळली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला. मधल्या काळात रिया चक्रवर्ती जवळपास महिनाभर तुरुंगात राहून आली होती, अमली पदार्थांच्या वेगळ्या प्रकरणात, पण देशाने तिला शिक्षा दिली होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्यापैकी किती जणांनी त्या व्हॉइस नोट परत घेतल्या? मी तरी नाही घेतली.

डीपकटच्या आई-वडिलांची शंका आणि आमची शंका, यात फरक काय? ते कागद मागत होते. आम्ही माणूस मागत होतो, ज्याच्यावर तुटून पडता येईल असा. खरी शंका प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. रीलमधल्या शंकेकडे उत्तर आधीच तयार असतं, प्रश्न फक्त थंबनेलपुरता.

मग करायचं काय?

मला वाटतं, तीन साध्या गोष्टी करता येतील. त्यासाठी फार मोठी क्रांती नको.

पहिली पोलिसांकडून. शस्त्राने झालेला प्रत्येक मृत्यू, सकृद्दर्शनी काहीही दिसो, आधी संशयास्पद धरून फॉरेन्सिक पथक बोलवावं आणि घटनास्थळाचं चित्रीकरण करावं. नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, राज्याची पोलिस अकादमी आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. या बाबतीत राज्याला धडा घालून द्यायचा, तर आपल्या शहराइतकं सोयीचं शहर कुठलं?

दुसरी, कागद. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं, की संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका. पण तो आदेश एफआयआरसाठी आहे आणि एडी म्हणजे एफआयआर नाही. एडीची माहिती सगळ्या जगाला नको, पण घरच्यांना तरी मिळायला हवी. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, प्रयोगशाळेचा अहवाल आणि शेवटी फाइल बंद करताना कारण काय दिलं त्याची प्रत, ठरलेल्या मुदतीत, खेटे न घालता. जिथे मृत्यू बराकीत, कोठडीत किंवा ठाण्यात झाला, तिथे चौकशी त्या खात्याबाहेरच्या माणसाने करावी. कोठडीतल्या मृत्यूसाठी दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची तरतूद आहेच. बराकीने काय घोडं मारलंय?

तिसरी आमची, पत्रकारांची. पहिल्या दिवशी ‘आत्महत्या’ लिहू नये. ‘मृत्यू’ लिहावं, ‘पोलिसांचा प्राथमिक अंदाज’ लिहावा आणि कारण तर मुळीच लिहू नये. प्रेमभंग, कर्ज, घरचा वाद, ही कारणं आम्ही चार ओळींत वाटून टाकतो आणि एखादं घर ती जन्मभर वाहतं. आणि पुढे निष्कर्ष आला, की तोही छापावा, तेवढ्याच ठळकपणे. सुरुवातीची बातमी पान एकवर आणि शेवट कुठेच नाही, हे आमचं जुनं दुखणं आहे.

हे लिहिताना एक भीती वाटते, म्हणून स्पष्टच सांगते. आत्महत्येला ‘आत्महत्या’ म्हणण्यात लाज नाही. अनेक घरं शंका घेतात, कारण तो शब्द त्यांना कलंक वाटतो आणि तो कलंक आपणच, समाजाने, चिकटवलेला आहे. तो पुसला गेला, तर कदाचित निम्म्या घरांना खऱ्या उत्तराला सामोरं जाणं सोपं जाईल. उरलेल्या निम्म्या घरांची शंका मग आपल्याला नीट ऐकू येईल.

तो भाऊ त्या दिवशी निघताना कात्रणांची पिशवी आमच्या टेबलवरच विसरून गेला. मी जिन्यापर्यंत धावले. त्याला पिशवी दिली आणि रिपोर्टसाठी अर्ज कुणाच्या नावाने करायचा, ते सरांना विचारून एका कागदावर लिहून दिलं. त्याने तो कागद नीट चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. पिशवी मात्र गाडीच्या हँडलला अडकवली.

त्याचा अर्ज कुठवर पोहोचलाय, ते मी पुढच्या आठवड्यात विचारणार आहे. इंटर्नशिप संपायला अजून महिना आहे.

*(मनात टोकाचे विचार येत असतील, तर एकटं राहू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास बोलता येतं, मराठीतही.)*